जावक नोंद मिळेना

आवकच्या टेबलावर शिक्का लगेच बसतो. जावकच्या टेबलावरचा माणूस जेवायला गेलेला असतो. नेटवर्क कार्डातही हाच कारभार चालतो, हे पुण्यातल्या एका अभियंत्याला रात्री साडेआठला कळलं. घरी तो "पाच मिनिटांत निघतो" म्हणाला होता, सात वाजता.

काम दिसायला किरकोळ. यंत्राचं घड्याळ पीटीपीने, म्हणजे आयईईई १५८८ या मानकाप्रमाणे, मुख्य घड्याळाशी जुळवायचं. तिकडून एक पाकीट येतं, इकडून एक जातं. दोन्ही निघाल्या-पोचल्याच्या चार वेळा हाती आल्या की वजाबाकीने फरक निघतो. या वेळा सॉफ्टवेअरने टिपल्या तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या रांगेतला खोळंबाही हिशेबात घुसतो. म्हणून शिक्का कार्डानेच मारायचा. मामला नॅनोसेकंदांचा. एका नॅनोसेकंदात तांब्याच्या केबलमधून सिग्नल जेमतेम वीतभर सरकतो.

'ईथटूल' या आज्ञेने कार्डाची चौकशी केली. कार्ड छातीठोकपणे म्हणालं, हार्डवेअर शिक्का आहे, स्वतःचं घड्याळही आहे, क्रमांक शून्य.

पण घड्याळ जुळवणाऱ्या 'पीटीपी४एल' या प्रोग्रॅमचा लॉग मधूनच रडायचा: जावक शिक्क्याची वाट पाहिली, आला नाही. पुढे सल्ला असा, की मुदत वाढवून कदाचित जमेल, पण दोष बहुधा ड्रायव्हरचाच. स्वतःच्या तक्रारीतच तिसऱ्यावर बोट ठेवणारा इतका सरळ प्रोग्रॅम विरळा! एवढं बोलून तो पोर्ट सदोष ठरवतो आणि १६ सेकंद रुसून बसतो. तोवर घड्याळ आपलं भरकटायला मोकळं.

कारण कारकुनी होतं. काही कार्डांत जावक वेळ ठेवायला एकच खण असतो. ड्रायव्हर तो रिकामा करीपर्यंत पुढच्या पाकिटाची नोंदच होत नाही. 'पीटीपी४एल'च्या जुन्या आवृत्तीत वाट पाहायची मुदत होती १ मिलिसेकंद, पुढे ती १० झाली. अभियंत्याने थेट १०० केली. रुसवा गेला. फरक दोन आकडी नॅनोसेकंदांत आला. त्याने चहा मागवला.

चहा येईपर्यंत लक्षात आलं की यंत्र मोबाइलच्या ३७ सेकंद पुढे आहे.

नॅनोसेकंदांच्या मागे लागलेल्या माणसाला ३७ सेकंद म्हणजे घरात हत्ती शिरल्यासारखं. पण ३७ म्हटल्यावर त्याने कपाळावर हात मारला. कार्डाचं घड्याळ अणुकालावर चालतं, आणि १ जानेवारी २०१७ पासून तो काल नागरी वेळेच्या बरोबर ३७ सेकंद पुढे आहे. कार्डावरून वेळ उतरवून घेणाऱ्या 'पीएचसी२सिस'ला त्यानेच हाताने शून्य फरक सांगितला होता. तो सुधारला, तर वेळ पुन्हा डुगडुगू लागली. पाहतो तो मागे 'क्रोनी' इंटरनेटवरून वेळ आणून त्याच घड्याळाचे कान पिळतोय. एका सुनेला दोन सासवा. त्याने क्रोनी बंद केला.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर आला, तक्रारीचं मूळच गेलं. मुदत मात्र त्याने १०० वरून खाली आणली नाही. कॉन्फिग फाइलमध्ये त्या ओळीच्या वर फक्त शेरा मारला: 'तात्पुरते'.