ज्येष्ठत्वाचा वाद

हॅरो, लंडन

ती. आईस,


येथे सर्व खुशाल. सौ. नंदिनीचा ओंकार सईहून आठ महिन्यांनी मोठा, तेव्हा घरातील ज्येष्ठपद ओघानेच त्याजकडे जाईल, असा आम्हां उभयतांचा भाबडा समज होता. परंतु आपण या घरात जन्मापासून असून तो आमच्या लग्नानंतर बिऱ्हाडासह दाखल झाला, सबब सेवाज्येष्ठता आपलीच, अशी हरकत सईने घेतली, आणि तेव्हापासून मोटारीत पुढे कोणी बसावे येथपासून सकाळी न्हाणीघराचा ताबा प्रथम कोणाचा येथपर्यंत एकूण एक बाब याच मुद्द्यावर अडून राहिली आहे. न्हाणीघर एकच. ओंकार आत शिरला की सई टॉवेल खांद्यावर टाकून दाराशी मोठ्याने मिनिटे मोजते, आणि तो आतून मुद्दाम भलतेच आकडे ओरडून तिचा हिशेब चुकवितो.

खरा पेच निराळाच. एके रात्री 'आता दिवा मालव' असे मी ओंकारास म्हणालो, तेव्हा त्याने अत्यंत विनयपूर्वक कळविले की, येथील 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टान्वये, केवळ त्याच्या आईशी विवाह केल्याने मला पालकाचे अखत्यार प्राप्त होत नाहीत. त्यास करारनामा अथवा कोर्टाचा हुकूम लागतो. वकिलास विचारले, तो पोराचे म्हणणे अक्षरशः खरे! (अभिमान बाळगावा की धास्ती, हे अद्याप ठरावयाचे आहे.) सईने तत्काळ तोच कायदा नंदिनीस लागू करून दोडक्याची भाजी नाकारली. करारनाम्याचा नमुना आणविला असून त्यावर कोर्टात जाऊन सह्या करावयाच्या आहेत. मुलांच्या सहीस त्यात जागाच नाही, याचा मात्र दोघांनी संयुक्त निषेध नोंदविला.

ओंकारच्या वडिलांची तसबीर दिवाणखान्यात सईच्या आईच्या शेजारी लावली. तेवढ्या जागेविषयी कोणाचीच तक्रार आली नाही.

आता भाऊबीज आली. ओवाळले तर त्याचे थोरपण कबूल केल्यासारखे होईल, ही सईची शंका. ओवाळणीची रक्कम आधी मुक्रर व्हावी, हा ओंकारचा आग्रह. प्रकरण तुझ्याकडे अपिलात पाठवीत आहे. निकाल फोनवर, उभय पक्ष हजर असतानाच द्यावास. मेतकुटाचे डबे दोन आणि नेमक्या सारख्या वजनाचे पाठवावेस. नंदिनीने स्वयंपाकघरात नवा तराजू आणला आहे, आणि दोघांनाही तो वाचता येतो.

कळावे.
तुझा,
बाळ