अर्धा टक्का जास्त

डोंबिवलीतली कुठलीही सोसायटी घ्या, तिथे हे काका सापडतातच. निवृत्त, तब्येतीनं ठणठणीत, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत रबरबँड लावलेली पासबुकं. सकाळी फिरायला निघालेलं कोणी सहज ‘‘काय काका, कसं काय?’’ म्हणालं की उत्तर तयार: ‘‘सध्या सगळं नव्या बँकेत हलवतोय.’’ हे ‘सध्या’ कित्येक वर्षं चालू आहे.

ही जमात तशी फार जुनी नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बचत खात्याचे व्याजदर मोकळे केले. तोवर सगळीकडे दर एकच. माणूस घराजवळच्या शाखेत खातं उघडायचा आणि त्याच शाखेच्या बाकड्यावर म्हातारा व्हायचा. दर सुटले आणि काकाही सुटले. कुठे अर्धा टक्का जास्त मिळतो, याचा वास त्यांना पेपरातल्या जाहिरातीआधी लागतो.

काकांचं धोरण स्पष्ट आहे. ‘‘या वयात दहा ठिकाणी धावायचं नाही. सगळं एका बँकेत आणून टाकायचं.’’ वा! पण श्वासही न घेता ते दुसरं धोरण सांगतात: ‘‘एका बँकेत पाच लाखांच्या वर दमडी ठेवायची नाही.’’ ही दोन धोरणं एका घरात कशी नांदतात, हे काकांना विचारू नये. ठेवींचा विमा माणशी, बँकेमागे ५ लाखांचा, तोही मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत तर तो १ लाखच होता, आणि तेव्हा काकांची पासबुकं एका पिशवीत मावत नसत. अर्थात या भीतीला हसायची सोय नाही. सहकारी बँकेवर निर्बंध आले की दारात कशा रांगा लागतात, ते आपल्याकडच्या बऱ्याच गावांनी पाहिलंय.

या पाच लाखांतून वाट काढताना काकांनी नियमाचा कीस पाडला. जोडखात्यात नावांचा क्रम बदलला की विमा वेगळा धरतात, हे त्यांनी शोधून काढलं. झालं! एका खात्यात काका पहिले, काकू दुसऱ्या; शेजारच्या खात्यात काकू पहिल्या, काका दुसरे. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंचं नाव आधी आलं ते इथेच.

आता हलवाहलव. नवी बँक खातं उघडताना फार गोड असते. टाय लावलेला मुलगा घरी येतो, चहा घेतो, अंगठा मशीनवर टेकवून जातो. खरी परीक्षा जुन्या बँकेत.

‘‘काका, सही जुळत नाहीये.’’

‘‘जुळेल कशी? ती सही अठ्ठ्याहत्तर सालची आहे. तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, बाळ.’’

सही जुळली तरी खातं बंद होत नाही. मेडिक्लेमचा हप्ता तिथून कापला जातो. लॉकर तिथे आहे. सहकारी बँकेचे शेअर आहेत, त्यांचा लाभांश त्याच खात्यात येतो. एफडी मोडली तर बऱ्याच ठिकाणी एक टक्का व्याज कापतात. अर्ध्या टक्क्यासाठी एक टक्का घालवतील ते काका कसले? मग मुदत संपेपर्यंत थांबायचं. पावत्यांच्या तारखा वेगवेगळ्या, त्यामुळे शेवटची पावती सुटेपर्यंत नव्या बँकेचा दर उतरलेला असतो. पीपीएफची फाइल तर एका बँकेतून दुसऱ्या बँकेत टपालानं जाते, आणि ती वाटेत असेपर्यंत काका जेवताना बोलत नाहीत.

बंद न झालेल्या खात्यांचंही पथ्यपाणी असतं. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो. म्हणून काका आलटून पालटून प्रत्येक खात्यात शंभर रुपये भरतात आणि काढतात. एप्रिलमध्ये टीडीएस कापू नये म्हणून प्रत्येक काउंटरवर फॉर्म. मध्येच केवायसी. एकूण, एका बँकेत सगळं आणायच्या प्रत्येक मोहिमेअखेर काकांचं एक खातं वाढलेलं असतं.

१ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, तेव्हा काकांवर विलक्षण प्रसंग ओढवला. ज्या बँकेत मोठ्या कष्टानं बिऱ्हाड नेलं होतं, ती, जिला कंटाळून सोडलं तिच्यातच विलीन झाली. तेच काउंटर, तीच बाई, फक्त आयएफएससी नवा. दुसरा कोणी खचला असता. काकांनी फॉर्म भरताना त्या बाईंनाच बजावलं, ‘‘पाचवं अक्षर शून्य असतं हं, ओ नव्हे.’’

काकू शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचं पगाराचं खातं कोपऱ्यावरच्या बँकेत नोकरीच्या पहिल्या महिन्यात उघडलं, ते आजही तिथेच आहे. दूध, किराणा, लाइट बिल, सगळं त्यातूनच भागतं. कारण काकांचे पैसे कायम एका बँकेतून निघालेले असतात आणि दुसरीत पोहोचायचे असतात.