ज्यूसवाले काकाजी

रिटायर झालेला वऱ्हाडी माणूस पूर्वी दोनच उद्योग करायचा. एक तर धुऱ्यावरून चुलतभावाशी कोर्टात भांडायचा, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरून आधीच्या खजिनदाराला हिशेब मागायचा. अलीकडे तिसरा उद्योग निघाला आहे. तो ज्यूस काढतो.

अशा माणसाला आमच्याकडे ज्यूसवाले काकाजी म्हणतात. अमरावतीत साईनगर, अर्जुननगर, रुक्मिणीनगर, कुठेही जा, गल्लीगणिक एक सापडेल. जिल्हा परिषदेतून किंवा सहकारी बँकेतून निवृत्त झालेला. बंगल्याचं नाव ‘मातृछाया’. गेटवर ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी आहे, कुत्रा नाही. साठीपर्यंत या माणसाचं आणि भाजीचं फारसं पटलेलं नसतं. सकाळी तर्री घातलेला आलूबोंडा, संध्याकाळी गिला वडा, आणि शेगावला दर्शनाला गेला की येताना कचोऱ्यांचा पुडा. मग एक दिवस शुगरचा रिपोर्ट येतो. रिपोर्टचा फोटो हिंजवडीतल्या मुलाकडे जातो आणि आठवड्याभरात कोल्ड प्रेस ज्यूसर दारात उभा राहतो. अमरावतीला यायला मुलाला सुट्टी मिळत नाही. ज्यूसरला ती लागत नाही.

त्या दिवसापासून काकाजी पहाटे पाचला उठतात. आदल्या संध्याकाळी इतवारा बाजारातून घासाघीस करून आणलेला माल ओट्यावर हारीनं लागतो: गाजर, बीट, काकडी, पालक, आवळे, आल्याचा तुकडा आणि अर्धा दुधी. यात चार माणसांची भाजी झाली असती. काकाजी एकेक जिन्नस यंत्राच्या तोंडात घालतात, नळीतून थेंब थेंब रस उतरतो आणि शेवटी किलोभर मालाचा एक ग्लास भरतो. रंग जांभळट-तपकिरी, त्यावर फेस. तो हातात धरून काकाजी फाटकाशी उभे राहतात, कारण ज्यूस एकट्यानं प्यायचा नसतो, कोणाला तरी दाखवत प्यायचा असतो.

“काय भौ, फिरून राह्यले? या, घोटभर पेऊन पाहा.”

“नको काकाजी, चहा झाला.”

“चहा! चहानंच तं वाटोळं केलं जी तुमच्या पिढीचं. अजी, अमेरिकेत एक वॉकर नावाचा मानूस झाला. निस्ता ज्यूस पेऊन एकशे अठरा वर्षं जगला थो!”

नॉर्मन वॉकर नावाचा माणूस खरंच होऊन गेला. त्यानं 1936 साली कच्च्या भाज्यांच्या रसावर पुस्तक लिहिलं आणि रस काढायचं यंत्रही विकलं. पण तो 1886 साली जन्मला आणि 1985 साली गेला. म्हणजे नव्याण्णव. नव्याण्णव वर्षं काही कमी नाहीत, पण मोरारजीभाई देसाईही नव्याण्णव वर्षं जगले आणि ते सकाळी काय प्यायचे हे काकाजींच्या पिढीला चांगलं आठवतं. मी तो विषय फाटकाशी काढला नाही. उद्या हिंजवडीहून काय येईल सांगता येत नाही.

ग्लास संपला की काकाजींचं काम संपतं आणि काकूंचं सुरू होतं. ज्यूसरची जाळी, दट्ट्या, दोन भांडी, रबराच्या चकत्या एवढं सगळं घासायचं. शिवाय वाडगाभर चोथा उरतो. काकूंच्या माहेरी कपाशी होती. अन्न उकिरड्यावर टाकणं त्यांच्या रक्तात नाही. त्या चोथ्याची धिरडी करतात, पराठे करतात, उरलं तर भाकरीच्या पिठात मळतात. सरकीचं तेल काढून घेतलं की मागं ढेप राहते, ती खाऊन म्हैस धारेला येते. तसं त्या घरात काकाजी तेलावर आणि बाकीचं घर ढेपीवर आहे. सहा महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा काकूंची शुगर उतरली होती आणि काकाजींची जिथल्या तिथे होती. काकाजी म्हणाले, लॅबवाल्या पोट्ट्यानं बाटल्या बदलवल्या.

आता यातला दुसरा गडी. काकाजींची मुलगी अकोल्यात दिलेली आहे. तिथले इवाई, म्हणजे व्याही, गोरक्षण रोडला राहतात, कृषी विद्यापीठातून निवृत्त झाले आहेत आणि मिक्सरचे कट्टर आहेत. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं हे विद्यापीठ 1969 सालचं. तिथे नोकरी केलेल्या माणसाला, मग तो आस्थापनेचा कारकून का असेना, शेतमालावर शेवटचा शब्द आपलाच वाटतो. इवाई गाजर, पेरू, पालक, खजूर, सगळं मिक्सरच्या भांड्यात कोंबतात, पाणी ओततात आणि फिरवतात. जे होतं ते पिता येतं आणि थापताही येतं.

नातवाच्या बारशाला दोघं समोरासमोर आले. पाळण्याचं गाणं संपायचं होतं.

“इवाईसाहेब, तुमी म्हने चोथा टाकून देता!”

“टाकत नाई जी. तुमच्या ईनबाई धिरडे करते त्याचे.”

“मंग खरा माल तं ईनबाईनंच खाल्ला नं! तुमच्या वाट्याले काय आलं? साखरेचं पानी!”

“आन तुमच्या मिक्सरमंदी पातं असं गर्रर फिरते का सारे जीवनसत्त्व जयून जाते!”

बारशाच्या घुगऱ्या खात अर्ध्या मांडवानं हे ऐकलं. न्याय करायचा तर इवाई जास्त बरोबर होते. पात्यानं जीवनसत्त्वं जळत नाहीत. थोडी हवेनं कमी होतात, ती दोन्हीकडे. ज्यूसरमध्ये चोथा मागे राहतो, आणि साखर हळूहळू रक्तात सोडायचं काम तो चोथाच करतो. चार संत्र्यांचा ग्लासभर रस काढला की त्यात जवळपास चार चमचे साखर उतरते. ती फळातली आहे, वरून घातलेली नाही, असं काकाजी सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मात्र 2015 च्या शिफारशींत फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्या रांगेतच बसवली, अख्ख्या फळातली वगळली. काकाजींचाही एक मुद्दा खरा आहे: गाजरातलं कॅरोटीन कच्च्या तुकड्यापेक्षा रसातून जास्त लागू पडतं. पण ते मिक्सरमधूनही पडतं, आणि तेलावर परतलेल्या गाजराच्या भाजीतूनही.

म्हणून इवाईंनी फार फुगू नये. इंग्लंडचं सरकारी आरोग्य खातं ज्यूस आणि मिक्सरमधलं पेय एकाच मापात मोजतं, दोन्ही मिळून दिवसाला 150 मिलिलिटर. इवाईंचा स्टीलचा ग्लास त्याच्या दुपटीचा आहे. आणि ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1977 साली दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन तऱ्हांनी दिलं होतं: अख्खं, घोटलेलं आणि रस. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा 11 पट लवकर आणि घोटलेल्यापेक्षा 4 पट लवकर पोटात गेला. पोट भरल्याची भावना सगळ्यात कमी रसानं, त्याहून जास्त घोटलेल्यानं आणि सगळ्यात जास्त चावून खाल्ल्यानं आली.

हे वाचलं तेव्हा मला काकाजींचा खरा स्वभाव कळला. जो चावतो त्याला बोलता येत नाही. गाजर चावायला वेळ लागतो, तोंड अडकतं, दाताची फट सांभाळावी लागते. ज्यूस दोन घोटांत संपतो आणि पुढची अख्खी सकाळ भाषणाला मोकळी राहते. जिल्हा परिषदेत तीस वर्षं ज्यांनी साहेबाचं ऐकलं, त्यांना निवृत्तीनंतर शुगरपेक्षा श्रोत्याची चिंता जास्त असते. मुलानं नकळत नेमकं तेच औषध पाठवलं.

संत्र्याच्या बाबतीत मात्र दोघंही गुन्हेगार आहेत. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं; नाव नागपूरचं आणि बागा आमच्या वरूड-मोर्शी-चांदूरबाजारच्या, हा अमरावतीकराचा कायमचा राग. या फळाची साल इतकी सैल की लहान पोर चालता चालता सोलतं. यंत्राची गरजच नाही. तरी काकाजी आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की पेटी आणून रस काढतात आणि दुपारसाठी फ्रिजमध्ये ठेवतात. दुपारी तो कडू लागतो. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवटपणा वर येतो, लिमोनिन नावाच्या द्रव्यामुळे. प्रक्रिया उद्योगाचं हे जुनं दुखणं आहे. इवाई तर फोडी बियांसकट फिरवतात, म्हणजे त्यांना दुपारपर्यंत थांबावंही लागत नाही. घरात दात असलेली माणसं असताना संत्र्याला वीज लावायची कशाला? इवाईंच्या ऐंशी वर्षांच्या आईंची कवळी बसत नाही, त्यांच्यासाठी मिक्सर फिरला तर तो खरा कामाचा.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही इवायांचं एकमत आहे, आणि तीच सगळ्यात धोक्याची आहे. जेवढं कडू तेवढं गुणकारी, असं दोघंही मानतात. कारल्याला ते चालून जातं, दुधीला नाही. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं. 2010 साली दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर फेकून द्या, आणि दुसऱ्या रसात मिसळू नका. काकाजी नेमके दुधीत आवळा आणि आलं घालतात, म्हणजे कडू लागलं तरी कोणामुळे ते कळायला नको. हे मी त्यांना फाटकाशी सांगितलं. ते म्हणाले, “अजी, आपल्या जमिनीतला दुधी कडू नसते.” दुधी इतवारा बाजारातला होता. मग मी काकूंना सांगितलं. आता त्या रोज पहाटे उठून आधी दुधी चाखतात आणि मगच ओट्यावर ठेवतात.

तेव्हा वाचकहो, ओट्यावर एकाच यंत्राला जागा असेल तर मिक्सर ठेवा. त्यात निदान चटणी होते. ज्यूसर मुलानं पाठवलाच असेल तर परत करू नका, पोराचं मन मोडतं. रस अर्धा कप प्या आणि धिरड्यातला तुमचा वाटा काकूंकडे मागून घ्या. संत्रं सोलून खा. आणि दुधी चाखल्याशिवाय कोणत्याही यंत्रात घालू नका. कडू लागला तर तिथेच थुंका.