वेताळराव

रविवारी सकाळी वेताळरावला गाठायचं तर रद्दीच्या दुकानात जावं. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून जुने; पण गठ्ठ्यांपुढे एकदा उकिडवा बसला की तासभर हलत नाही. उठताना मात्र रद्दीवाल्याचा हात लागतो. आईवडिलांनी नाव चांगलं ठेवलं होतं, ते आता फक्त वीजबिलावर उरलंय.

‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. मधल्या काळात आठशेवर अंक निघाले. वेताळरावचा साठा आईनं एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातला. तोच आता तो एकेक करून परत विकत घेतोय. गेले किलोवर, येतात नगावर. घरी आले की गंजलेल्या पिना काढायच्या, त्याच भोकांतून पांढरा दोरा ओवायचा आणि अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. त्याच्या घरी पाहुण्याला ‘या, बसा’ म्हणत नाहीत, ‘हात धुतलेस?’ म्हणतात.

एवढी भक्ती बघून वाटतं, हा त्या अंकांतल्या वेताळाबद्दल, म्हणजे फँटमबद्दल, वावगा शब्द ऐकून घेणार नाही. पण शिव्यासुद्धा तोच घालतो. “जंगल आफ्रिकेतलं, माणसं आफ्रिकेतली आणि राखणदार गोरा! हा कुठला न्याय? १५३६ पासून एकवीस पिढ्या, बापामागून पोरगा! आपल्या साखर कारखान्यांना उगाच नावं ठेवतो आपण.” वेताळाच्या प्रेयसीचा, डायनाचा विषय निघाला की आवाज आणखी चढतो. “१९३६ मधली ओळख, लग्न १९७७ मध्ये! एकेचाळीस वर्षं! आमच्या आळीत मुलीच्या बापानं गुहेत जाऊन सिंहासनाचे पाय मोडले असते.”

छापणाऱ्यांवरही राग आहेच. चित्रं पानात बसवायला कापायचे. बंगालचा भास नको म्हणून वेताळाच्या बंगाला देशाचं ‘डेंकाली’ केलं, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. “वाचक म्हणजे काय शेंबडी पोरं वाटली यांना?”

“तेव्हा आपण शेंबडी पोरंच होतो,” मी म्हणालो. त्यानंतर दोन रविवार मला चहा मिळाला नाही.

१९७६ मध्ये ‘इंद्रजाल’मध्येच आबिद सुरतींचा बहादूर आला. कुर्ता, जीन्स, समोर डाकू. म्हणजे अगदी आपला माणूस. वेताळरावला त्याचा अभिमान आहे. पण मुखपृष्ठावर वेताळाऐवजी बहादूर दिसला की त्या आठवड्यात आपलं तोंड एवढंसं व्हायचं, हेही तो हळू आवाजात कबूल करतो.

मध्यंतरी कॉलेजातला भाचा सहज म्हणाला, “मामा, हे सगळं वसाहतवादी आहे.” वेताळराव वेताळाच्या पोशाखासारखा जांभळा झाला. “चाच्यांशी कोण लढलं? तुझा प्रोफेसर?” भाचा गेल्यावर मी म्हटलं, “अरे, तूही हेच म्हणतोस.”

“मी म्हणेन! माझ्या आजोबांना हेकट मी म्हणेन. शेजाऱ्यानं म्हणून दाखवावं!”

भाचा गुणी. त्यानं मामाच्या वाढदिवसाला परदेशातून मूळ कथांचा जाडजूड इंग्रजी खंड मागवून दिला. एकही चित्र कापलेलं नाही, एकही नाव बदललेलं नाही. जन्मभर मागितलं ते सगळं एका पुठ्ठ्यात. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, कसा आहे?

“कागद चांगलाय,” वेताळराव म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, “फार बोलतात रे. आपल्याकडे कापायचे ते बरं होतं.”

मी हात धुऊन खंड उघडला. गुळगुळीत पानांवर जिथे जिथे ‘बंगाला’ होतं, तिथे तिथे पेन्सिलीनं बारीक काट मारली होती आणि वर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : डेंकाली.