पाच हजार वीर आणि एक दप्तर

२००९ साली डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून मार्व्हल ही कॉमिक्स कंपनी विकत घेतली, तेव्हा पाच हजारांवर पात्रं पदरात पडल्याचं केवढं कौतुक झालं! त्यातल्या बहुतेकांची नावं कट्टर वाचकालाही सांगता येणार नाहीत. जी येतील, त्यांची पडद्यावरची सोयरीक आधीच झालेली: स्पायडरमॅन सोनीकडे, एक्स-मेन फॉक्सकडे. १९९६ साली मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. आठवड्याला एकदा विश्व वाचवणाऱ्यांना मालकाची तिजोरी काही वाचवता आली नाही.

डिस्नेचा हिशेब मात्र पक्का. सिनेमा निमित्तमात्र, त्यामागून दप्तरं, चड्ड्या, पाण्याच्या बाटल्या येतातच. शिवाय कागदावरचा वीर म्हातारा होत नाही, मानधन वाढवून मागत नाही (ते नट मागतात, आणि मिळवतातही), मेला तरी पुढच्या भागाला हजर.

तो रेखाटणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याचे वारस त्याच्या पात्रांच्या हक्कांसाठी कोर्टात गेले, हरले, सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत पोचले. तेव्हा कुठे २०१४ साली तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही. ओळख लपवण्याची विद्या वीरांनी मालकालाही शिकवलेली दिसते.