शपथ घ्या, खाटेचं नंतर बघू

२६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत व्यसनमुक्तीला उधाण येतं. पहिल्या पाळीला गेटवरच अडवतात, उजवा हात पुढे करायला सांगतात, एचआरचे साहेब कागदावरून शपथ वाचतात आणि कामगार त्यांच्यामागून म्हणतात. मग फोटो. एखाद्याचा हात कापतो आणि फोटोत हललेला येतो. त्याला पुढच्या वर्षी मागच्या रांगेत उभं करतात.

त्या कापणाऱ्या हाताचं काय करायचं, ते शपथेत लिहिलेलं नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत घाम, थरथर, फिट, भास, काहीही होऊ शकतं. जीवही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर लागतो, औषधं लागतात, खाट लागते. म्हणजे एखाद्याने शपथ मनापासून पाळली की पंचाईत! सुदैवाने बहुतेक जण ती संध्याकाळी अशोकनगरपर्यंत पोचता पोचता मोडतात आणि व्यवस्थेची अब्रू वाचते. १४४४६ हा मोफत मदत क्रमांकही फलकावर असतो म्हणा, मान्यवरांची नावं छापून उरलेल्या जागेत.

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्जच्या व्यसनातून येणाऱ्या मनोविकाराला आजारच मानतो आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच संरक्षण द्यावं, असंही सांगतो. आरोग्य विम्याच्या छापील अटींत मात्र व्यसनावरचे उपचार वगळलेल्यांच्या यादीत असतात. कायद्याच्या लेखी आजार, विम्याच्या लेखी अपवाद आणि श्रमिकनगरातल्या शेजाऱ्यांच्या लेखी माज. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८०त एकच असल्याचं नोंदलं आहे. उरलेल्यांना शपथ आहेच.

सरकारी रुग्णालयात खाट मिळतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. अमली पदार्थांच्या प्रकरणातला आरोपी, आपल्या नाशिकचाच ललित पाटील, कैदी असताना पुण्याच्या ससूनमध्ये कित्येक महिने मुक्कामाला होता. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तो तिथून निसटला. दिवस गांधीजयंतीचा, म्हणजे मद्यनिषेध सप्ताहाचा शुभारंभ. पुढच्या काही दिवसांतच मुंबई पोलिसांनी इथल्या, नाशिकच्या शिंदे गावात त्याच्याशी जोडलेला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा, कारखाना पकडला. ज्याला ड्रग्ज सोडायचे आहेत, त्याने आपण चुकीच्या खिडकीवर रांग लावली नाही ना, हे एकदा तपासून घ्यावं.

पुण्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही आहे. अनिल आणि अनिता अवचटांनी १९८६ साली ते सुरू केलं, पुलं-सुनीताबाईंचा हात त्याला लागला. तिथला मुक्काम पाच आठवड्यांचा. कायम कामगार रजा टाकून जाईलही. ठेक्यावरच्याने काय टाकायचं? एका ठेकेदाराला विचारलं. त्याने हिशेबच मांडला. "पिऊन पडला तर एक खाडा, साहेब. बरा व्हायला गेला तर पस्तीस. तिथवर दुसरा माणूस मशीनवर उभा राहिलेला असतो."

"आणि शपथ?"

"ती आपण ठेक्यावरच्यांनाही देतो," तो म्हणाला. "त्याचे पैसे कापत नाही."