बदनाम धूळ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसात काही बिघडलं की आरोपी आधीच ठरलेला असतो: धूळ. खोकला धुळीमुळे, पंखा अडकला धुळीमुळे, पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत राखाडी झाला तोही धुळीमुळेच. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, लोखंडाचा कारखाना आणि दिवसरात्र धावणारे ट्रक एकाच गावाच्या वाट्याला आल्यावर या आरोपीला वकील मिळणं कठीणच. म्हणून संगणक दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक सीपीयूचा डबा काउंटरवर आदळतं, तेव्हा निदानही घरूनच करून आणलेलं असतं. "भाऊ, हार्डडिस्कमध्ये धूळ गेली. जरा खोलून फुंकर मारून द्या ना बाप्पा."

दुकानदार झाकण काढतो. आत पंख्याच्या पात्यांवर काळा, तेलकट थर बसलेला असतो आणि गिऱ्हाईक विजयी मुद्रेने बघतं. पण हार्डडिस्क या प्रकरणात नाही. तिच्या पेटीला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक भोक असतं, आतून गाळणी बसवलेली असते आणि 'हे झाकू नका' अशी ताकीदही छापलेली असते. (त्यावर चिकटपट्टी लावणारे सावध लोक असतातच.) बाहेरची धूळ बाहेरच राहते. आत आरशासारख्या चकत्या मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावरून मोजक्या नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड. घुग्घुसच्या खिडकीवर बोट फिरवलं तर जे लागतं, त्याचा एक कणसुद्धा या हेडला डोंगर आहे. म्हणजे धूळ आत जायची एकच वाट: कुणीतरी पेचकस घेऊन डिस्क खोलणं आणि वर प्रेमाने फुंकर मारणं.

दुसरा संशयित म्हणजे ऊन. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की माणसांबरोबर डिस्कही मरतात, असा पक्का समज आहे. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी स्वतःकडच्या एक लाखाहून जास्त डिस्क तपासून सांगितलं, की उष्णतेचा आणि डिस्क मरण्याचा संबंध वाटतो तितका घट्ट नाही. मात्र त्या डिस्क थंड केलेल्या दालनात नांदत होत्या. पत्र्याच्या खोलीत, टेबलाच्या बंद कप्प्यात, वरून भरतकामाचं कव्हर घालून त्यांना कुणी बसवलं नव्हतं. साध्या डिस्कची मर्यादा बहुधा ६० अंशांची असते आणि त्या कव्हराखाली ती फार लांब राहत नाही.

मग डिस्क जाते कशाने? चालू असताना बसलेल्या हादऱ्याने, लिहिणं सुरू असतानाच लाइन गेल्याने, आणि पुष्कळदा नुसत्या वयाने. ती स्वतःची नोंदवही ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकटचा जपानी प्रोग्राम ती उघडून दाखवतो. ०५ समोरचा आकडा म्हणजे बाद करून दुसरीकडे हलवलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे, अजून निकाल न लागलेले. सी७ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. पुष्कळ आजार तिथेच बरे होतात. अर्थात नोंदवहीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. गूगलच्याच पाहणीत मेलेल्या डिस्कांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणींनी कुठल्याच रकान्यात काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

खालची जमीन कधी दगा देईल, हे घुग्घुसला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डात जुन्या खाणीच्या पोकळीवरचं एक अख्खं घर जमिनीत गेलं. हादरे जाणवताच माणसं बाहेर पडली, म्हणून वाचली. डिस्क टकटक करू लागते तेव्हा तीही हेच सांगत असते: बाहेर पडा. हेडला जागा सापडत नाही, ते पुन्हापुन्हा मागे जाऊन सुरुवात करतं, त्याचा तो आवाज. अशा वेळी संगणक बंद करावा. आपल्याकडे त्याच वेळी विंडोजचं दुरुस्तीचं 'चेकडिस्क' मारतात, जे मरणाऱ्या डिस्कवर आणखी खरडून ठेवतं. कुणी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवतं. बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं आणि उरलीसुरली आशाही ओली होते. टकटक नसेल, नुसती वाचताना अडखळत असेल, तर आधी दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल काढायची आणि दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे.

नवी डिस्क घेतली की नवं भांडण. एक टीबीचे पैसे मोजले आणि विंडोज दाखवतं ९३१ जीबी. कोळशाच्या ट्रकांचं वजन बघत वाढलेल्या गावाला याचा अर्थ एकच कळतो: काटा मारला. खरं तर कंपनी हजाराने भागते आणि विंडोज १०२४ ने. माल पूर्ण आहे. हे पटवायला दुकानदाराचा अर्धा चहा थंड होतो.

उरलेला अर्धा थंड होतो तो पुढच्या प्रश्नावर. बॅकअप आहे का?

"हाव ना भाऊ. पोराच्या लग्नाचे सगळे फोटो मी आधीच डी ड्राइव्हमध्ये टाकून ठेवले. सी गेला तर जाऊ द्या."

दुकानदार हातातली डिस्क उलटसुलट करून दाखवतो. सी हिच्यावरच आहे. डीसुद्धा हिच्यावरच आहे.

"काहून? दोन दोन दिसतात ना स्क्रीनवर!"